आयलंडिंगचं काय?
तुमच्या लेखात राज्याच्या ऊर्जा सुरक्षेसाठी सगळा भर सौरऊर्जेवर दिलाय. चांगलंच आहे, पण आम्ही मुंबईकर १२ ऑक्टोबर २०२०चा वीज जाण्याचा प्रकार विसरलेलो नाही. सकाळी दहाच्या सुमारास लोकल जागच्या जागी थांबल्या. आमच्या इमारतीचा पंप बंद, सातव्या मजल्यावर बादलीने पाणी चढवलं (गुडघे अजून बोलतात). बाहेरची वीज तुटली आणि अशा वेळी शहराला ग्रिडपासून, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्यापासून, वेगळं काढून वाचवणारी आयलंडिंग यंत्रणा, जिचं इतकी वर्षं कौतुक ऐकलं, तीही टिकली नाही. २०२३मध्ये मुंबईत बाहेरून वीज आणणारी खारघर-विक्रोळी ४०० केव्ही (उच्चदाब) वाहिनी आली, बरं झालं. पण वीज आणणं वेगळं आणि ती तुटल्यावर तगणं वेगळं. उद्या मुंबईला वीज देणारे ट्रॉम्बे, डहाणूचे कोळशाचे वीजसंच बंद केलेत तर रात्री आठला सौर पॅनेल काय देणार? बॅटरी साठवण शहरात कुठे, किती, तेवढं लिहा की!