बंडखोर चित्रकाराचा सिनेमा दाखवताना घ्यावयाची काळजी

साताऱ्यात बंडखोर चित्रकारावरचा सिनेमा दाखवायची हौस आलीच, तर गेल्या रविवारचा आदर्श समोर ठेवा. सिनेमा होता 'रंगरसिया', राजा रविवर्म्यावरचा. पत्रिकेत सहाची वेळ छापावी. सुरू कधी करायचं ते प्रमुख पाहुणे आल्यावर बघू.

आधी सरस्वतीपूजन. तसबिरीतली सरस्वती बहुधा रविवर्म्याच्याच चित्रावरून उतरवलेली असते, पण हार घालताना असल्या चौकशा करू नयेत.

वक्त्याने सगळी गोष्ट शेवटासकट सांगून टाकावी.

फोन चालूच ठेवावेत.

आता मुख्य काम. नायिका चित्रकारासमोर मॉडेल म्हणून बसली, पदर ढळू लागला, की एका कार्यकर्त्याने लॅपटॉपकडे धाव घ्यावी. हात थरथरणाराच माणूस नेमावा. म्हणजे सिनेमा पुढे जाण्याऐवजी मागे जातो, तोच पदर तीनदा ढळतो आणि शेवटी नेमका तिथेच अडकतो. मागून खोकले. मग "अहो, बायकापोरं आहेत!" असा आवाज. सिनेमाला प्रमाणपत्र प्रौढांसाठीचं आहे, तर पोरं आणली कुणी? आम्ही? शेवटी अर्धा तास उडवून थेट कोर्टात. समोर चित्रकार आरोपीच्या पिंजऱ्यात, अश्लीलतेचा खटला, आणि शेजारचे काका मला विचारतायत, "याने केलं काय?" काय सांगू? पुरावा तुमच्याच माणसाने पळवला! २००८ साली लंडनच्या महोत्सवात दाखवलेला सिनेमा आपल्याकडे थेटरात यायला २०१४ उजाडलं, तेवढ्याने तुमचं समाधान झालं नाही?

समारोपाला अध्यक्षांनी 'कलावंताचं स्वातंत्र्य' यावर बोलावं. बोलले. टाळ्याही पडल्या.

अहो, झेपत नाही तर दाखवता कशाला? याच माणसाची अस्सल तैलचित्रं आपल्याच जिल्ह्यात, औंधला आहेत. स्वतः ब्रश धरणाऱ्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली आपल्या संग्रहासाठी डोंगरावर संग्रहालय उभं केलं. संस्थानिकाला जमलं ते. तुम्ही दरवर्षी तिथल्या यमाईदेवीच्या दर्शनाला जाता, त्याच वाटेने चढता, आणि संग्रहालयाच्या दारात सावली बघून डबे सोडता. आत पाऊल टाकत नाही. आणि इथे शाली पांघरून बंडखोरीवर भाषणं! लाज पडद्यावरच्या बाईची वाटते, स्वतःच्या अडाणीपणाची नाही. पुढच्या वेळी नुसता सत्कारच ठेवा, सिनेमा आम्ही घरी बघू.