‘आम्हाला मित्र द्या’ म्हणणारा बिशप

‘मिशनरी’ हा शब्द फेसबुकवर दिसला की कमेंटमध्ये दोन तट पडतात. एकाला आमिषाची तांदळाची पोती दिसतात, दुसऱ्याला शाळा-दवाखाने. भांडण कडाक्याचं, पण एका बाबतीत दोघांचं एकमत: मिशनरी म्हणजे गोरा साहेब, आणि धर्म बदलणारा म्हणजे बिचारा अडाणी. त्याला कोणी फसवतं, नाहीतर कोणी उद्धरतं. तो स्वतःहून काही ठरवतो हे कुणाच्या गावीही नसतं. अशा वेळी मी वेदनायगम सॅम्युअल अझारिया यांचं नाव घेतो आणि दोन्ही बाजू गप्प होतात, कारण नाव कुणालाच माहीत नसतं.

जन्म १८७४ चा, तिरुनेलवेली भागातल्या वेल्लालनविळै गावचा. समाज नाडार, म्हणजे ताडाच्या झाडांवर पोट असलेला आणि देवळाबाहेर ठेवलेला. वडील तरुणपणी ख्रिस्ती झाले आणि पुढे गावचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. मुलगा मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकला, पदवी हुकली, मग वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचा सेक्रेटरी म्हणून दक्षिणभर हिंडला. १९०२ मध्ये श्रीलंकेतल्या जाफन्याला गेला तेव्हा तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या हिमतीवर धर्मप्रचार करताना दिसले. परत येऊन १९०३ साली तिरुनेलवेलीत सोबत्यांबरोबर इंडियन मिशनरी सोसायटी उभी केली. पैसा इथला, माणसं इथली, कारभारही इथलाच. वंगभंगाची चळवळ अजून दोन वर्षं लांब होती, म्हणजे स्वदेशीचा हा प्रयोग तिच्याही आधीचा.

पण हा माणूस खरा कळतो तो १९१० मध्ये, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत. जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनांची परिषद, बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यात आशियातले जेमतेम विसेक. पस्तिशीचे अझारिया बोलायला उभे राहिले. विषय होता परदेशी मिशनरी आणि देशी कार्यकर्ते यांचे संबंध. अशा ठिकाणी आपला माणूस काय बोलतो? आभार मानतो, उपकार आठवतो. यांनीही मिशनऱ्यांच्या त्यागाला दाद दिली, पण त्याबरोबर साहेब आपल्या देशी सहकाऱ्याशी बरोबरीने वागत नाही, हे तोंडावर सांगितलं. शेवट केला तो बायबलमधल्या संत पौलाच्या पत्रातली भाषा वापरून: तुम्ही गरिबांना जेवू घालायला आपलं धन दिलंत, आपली शरीरं जाळायला दिलीत. आम्हाला प्रेमही हवंय. आम्हाला मित्र द्या!

सभागृहात बऱ्याच जणांना ते झोंबलं. झोंबणारच. दान देणाऱ्याला हिशेब विचारलेला चालतो, पण ‘माझ्याशी मैत्री का नाही करत?’ हे विचारलेलं नाही चालत.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं दुखणं हेच होतं. नगरला अमेरिकन मिशनमध्ये आयुष्य घालवून १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा स्वतःचा भक्तमेळा मांडला. टिळक बाहेर पडले, अझारिया आत राहिले आणि वर चढले. मनाने मी टिळकांच्या बाजूचा. पण आत राहून टिकणं जास्त जिकिरीचं असावं, असं हल्ली वाटतं.

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड त्यांच्या पाठीशी होते. विरोध मात्र भरपूर झाला, आणि तो फक्त गोऱ्यांकडून नाही. तरीही २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये अझारिया अँग्लिकन चर्चचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, पहिले भारतीय बिशप झाले. धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या कारभाराचा इलाखा, डोर्नकल, निजामाच्या मुलखातलं. नागपूरहून चेन्नईला जाताना काझीपेट आणि विजयवाड्याच्या मध्ये जे जंक्शन लागतं, तेच. तमिळ माणूस तेलुगू शिकला आणि बैलगाडीने खेडी तुडवू लागला. पुढे धर्मप्रांत वाढला, तेव्हा त्यांच्या हाताखाली गोरे मिशनरीही आले.

खेड्यातली माणसं मुख्यतः माला आणि मादिगा, म्हणजे आपल्याकडचे महार-मांग समजा. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, झाला की अझारिया त्यांना स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवायला लावत आणि म्हणवून घेत: मी बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती आहे, मी सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) सांगितली नाही, तर माझी केवढी दुर्दशा होणार! ज्याची सावलीही गावाला चालत नव्हती, त्याला पहिल्याच दिवशी सांगायचं की आता तू बोलायचंस, लोकांनी ऐकायचं.

त्याच काळात, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. देशभर खळबळ. पुढच्या वर्षी अमेरिकन मिशनरी नेते जॉन मॉट यांच्याशी बोलताना गांधीजींनी विचारलं, तुम्ही गाईला सुवार्ता सांगाल का? काही अस्पृश्य तर समजुतीच्या बाबतीत गाईहूनही मागे आहेत. हे ‘हरिजन’मध्ये छापून आलेलं आहे. गांधीजींबद्दल मला आदर आहे, आमिषं दाखवून होणाऱ्या धर्मांतराला त्यांचा आक्षेपही रास्त होता. पण हे वाक्य मला गिळवत नाही. डोक्यावर हात ठेवून बोलणारा मादिगा आणि काही न कळणारी गाय, यातलं खरं काय होतं ते येवल्याच्या सभेनेच सांगून टाकलं होतं.

अझारियांना देव्हाऱ्यात बसवायचं नाही. माला-मादिगा वैर चर्चच्या दारात थांबलं नाही, आत येऊन बाकांवर बसलं. ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ त्यांना नको होते, चर्च म्हणजे एक राजकीय जमात होईल अशी त्यांना धास्ती होती. तत्त्व म्हणून छान, पण ज्याच्या हाती तत्त्वाशिवाय काहीच नाही, त्याने काय करायचं? इथे मला अस्पृश्यांसाठी असे मतदारसंघ मागणाऱ्या बाबासाहेबांचंच पटतं.

डोर्नकलचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, पैशांअभावी बरीच वर्षं रेंगाळलं आणि जानेवारी १९३९ मध्ये त्याचं समर्पण झालं. देवळासारखे खांब, मशिदीसारखे घुमट, वर क्रूस. १ जानेवारी १९४५ ला अझारिया डोर्नकलमध्येच वारले. सगळ्या प्रोटेस्टंट पंथांचं एक चर्च व्हावं म्हणून ते १९१९ पासून खटपट करत होते. चर्च ऑफ साउथ इंडिया १९४७ च्या सप्टेंबरात झालं, त्यांच्या माघारी. उत्तरेतलं तसंच एकीकरण १९७० मध्ये आपल्या नागपुरात झालं.

आणि ते माला-मादिगा? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्यांना अजूनही नाही. आमिषाला भुलून धर्म बदलतात म्हणणाऱ्यांनी कमेंट करण्याआधी हा हिशेब एकदा मांडून बघावा.