पूल नेमका कुणाच्या सोयीचा?

मुंबईत एखाद्या रस्त्यावर नवा पादचारी पूल उभा राहिला की थोड्याच दिवसांत तोच वाद पेटतो. एवढा खर्च केला तरी लोक खालूनच पळतात, आपल्याला शिस्तच नाही, असं एका बाजूचं म्हणणं. पूल नको, सिग्नल द्या, असं दुसऱ्या बाजूचं. मग कुणीतरी सिंगापूरचा दाखला देतं: तिथे बघा, सगळे निमूटपणे पुलावरून जातात. मी सिंगापुरात राहते, आणि हा दाखला अर्धाच दिला जातो म्हणून लिहिते आहे.

लोक पुलावरून जातात, हे बहुतांशी खरं. पूल, भुयारी मार्ग किंवा झेब्रा क्रॉसिंग 50 मीटरच्या आत असताना भलतीकडून रस्ता ओलांडणं इथे गुन्हा आहे. पण लोक केवळ दंडाच्या धाकाने वर चढत नाहीत. बऱ्याच पुलांवर छप्पर असतं. 2013 पासून जुन्या पुलांना लिफ्ट जोडायला सुरुवात झाली, आणि मेट्रो स्थानकांपासून 400 मीटरच्या परिसरातल्या शाळा, दवाखाने, वस्त्यांपर्यंत छत असलेल्या पायवाटा बांधण्याचा कार्यक्रमही त्याच वर्षी हाती घेतला गेला. मुंबईसारख्याच उकाड्यात आणि धो-धो पावसात माणूस घरापासून मेट्रोपर्यंत जवळजवळ कोरडा पोहोचतो.

दाखल्याचा उरलेला अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या शहराचा ओढाही आता जमिनीवरूनच रस्ता ओलांडू देण्याकडे आहे. 2009 पासून निवडक सिग्नलच्या खांबावर ज्येष्ठ नागरिकांनी आपलं सवलतीचं कार्ड टेकवलं की हिरवा दिवा 3 ते 13 सेकंद जास्त राहतो. 2023 मध्ये पाच वसाहतींसाठी असे बदल जाहीर झाले, ज्यांत वाहनांचा वेग कमी करून चालणाऱ्याला प्राधान्य दिलं जातं. ज्या शहराचं नाव घेऊन आपण मुंबईकरांना शिस्त शिकवतो, ते शहर म्हाताऱ्यांसाठी गाड्यांना थांबवतं.

रस्त्यावरच्या पुलाखालून बस-ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळी उंची लागते. म्हणजे चाळीसेक पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली. समोरच्या फुटपाथवर पोहोचण्यासाठी गुडघे दुखणाऱ्या बाईने हे करायचं, तेही एसी गाडीतल्या माणसाचा अर्धा मिनिट वाचावा म्हणून! ती खालून गेली तर ते बेशिस्त वागणं नव्हे, ज्याने पूल आखला त्याने तिचा विचार केला नव्हता.

मात्र रेल्वेवरचा पूल ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्या वादात दोन्हींची सरमिसळ होते, याचा मला राग येतो. रुळांवर सिग्नल देता येत नाही. तिथे पूल हाच रस्ता. मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 ला चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. त्यानंतर कुठे रेल्वेने पादचारी पुलांना ‘प्रवासी सुविधा’ म्हणणं सोडून सुरक्षेची अत्यावश्यक बाब मानलं. तोवर कागदावर तो पूल बाकड्यांच्या आणि पाणपोईच्या रांगेत होता. असे पूल हवेत, रुंद हवेत, आणि प्रत्येकाला लिफ्ट किंवा सरकता जिना हवाच.

लिफ्ट बसवली की काम झालं असंही नाही. व्हेनिसमध्ये ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यावर 2008 मध्ये स्पॅनिश वास्तुरचनाकार कालात्रावा यांचा देखणा पूल खुला झाला, तोही व्हीलचेअरवाल्यांची सोय न करता. ओरड झाल्यावर कडेने सरकणारी एक अंडाकृती केबिन जोडली. ती धड कधी चाललीच नाही आणि शेवटी काढून टाकावी लागली. सुरुवातीच्या आराखड्यात नसलेली सोय नंतर ठिगळासारखी लावली की असंच होतं. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा 2016 पासून आहे, त्यामुळे इथे पळवाट असायला नको.

सीएसएमटी स्थानकाजवळचा, रस्त्यावरचा हिमालय पूल 14 मार्च 2019 ला कोसळला, नवा 2023 मध्ये झाला. मधली चार वर्षं तिथल्या अफाट गर्दीने खालूनच ये-जा केली. पूल परत यायला हवा होता, याबद्दल दुमत नाही. पण त्या चार वर्षांत जमिनीवर काय जमलं, काय अडलं, याची नोंद महापालिकेने रस्त्यावरच्या प्रत्येक नव्या पुलाच्या निविदेआधी समोर ठेवावी. आधी सिग्नल, उंचावलेलं क्रॉसिंग आणि अखंड फुटपाथ करून बघावेत. तरीही पूल लागलाच, तर लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्याच निविदेत धरावा, आणि लिफ्ट बंद राहिली तर कंत्राटदाराचे पैसे त्या दिवसापासून कापावेत.