फ्रान्समधला तो 'सनई महोत्सव' खरंतर क्लॅरिनेटचा आहे!

ग्रुपवर फिरतंय की फ्रान्समधल्या एका खेड्यात सनईचा महोत्सव भरतो, बघा आपली सनई कुठे पोचली वगैरे. गाव खरं आहे, ब्रिटनी प्रांतातलं ग्लोमेल, महोत्सवही खरा आहे, पण तो क्लॅरिनेटचा!! तिथल्या क्लॅरिनेटवाल्यांच्या मंडळानेच सुरू केलेला, बाहेरच्या देशांतले लोकवादकही येतात.

आता लांबून दोन्ही काळीच दिसतात हे मान्य, पण सनईच्या तोंडाशी दोन पात्यांची पत्ती असते आणि क्लॅरिनेटला एकच, तीही तोंडात धरायच्या टोकाला (माउथपीसला) बांधलेली. शिवाय क्लॅरिनेटची नळी आतून जवळपास सरळ, सनईची मात्र खाली रुंदावत जाणारी, त्यामुळे क्लॅरिनेटवर सा धरून मागची कळ दाबली की सूर थेट वरच्या सप्तकातल्या प वर उडी मारतो, सनई जोरात फुंकली तर वरचा सा लागतो. कानाला हा फरक लगेच कळतो.

सनईची चुलत बहीण तिकडे आहे, बोंबार्ड म्हणतात तिला, बहुतेक गोंधळ तिच्यामुळेच झालाय.

ब्रिटनीत क्लॅरिनेट १९व्या शतकात लष्करी बँडमधून गावच्या नाचांत शिरलं. दोघं वादक जोडीने, एकाने ओळ वाजवायची, दुसऱ्याने तिची शेपटी पकडून तीच परत वाजवायची, आणि बाकीचे हातात हात घालून नाचणार. आपल्या वरातीच्या बँडमधलं क्लॅरिनेटही असंच पलटणीतून आलंय, त्यामुळे नातं जोडायचंच असेल तर ते बँडवाल्यांशी जोडा ना, सनईशी कशाला??