मोजणीबाहेरची हवा

माझी मोटार सतरा वर्षांची झाली आणि शिट्ट्या मारू लागली. त्या वयात माणसेही मारतात, म्हणून मी सुरुवातीला दुर्लक्ष केले. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की बॉनेटखालून बारीक सुरात शिट्टी निघे आणि ती वळणावर ऐकू आली की घरातली मंडळी मी पोहोचण्याआधीच दार उघडून ठेवत. ही सोय इतकी अंगवळणी पडली की, सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन उचक्या देऊ लागले आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तरी त्यांचा शिट्टीशी काही संबंध असेल असे माझ्या मनात आले नाही.

मेकॅनिकच्या मनात ते तत्काळ आले. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे, जाणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या नळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "साहेब, चिरली आहे. बदला." मी म्हणालो, "एवढीशी चीर, घरीच जोडतो." अपेंडिक्स घरीच काढतो म्हणणाऱ्याकडे डॉक्टरने जसे पाहावे, तसे त्याने माझ्याकडे पाहिले.

एवढ्याशा चिरेने इंजिन का बिघडावे, हे मला नंतर उमगले. फिल्टरमधून आलेली हवा एक सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबाने गाडीतला संगणक पेट्रोल सोडतो. वजनाने सुमारे 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल. माझी चीर नेमकी त्या सेन्सरच्या पुढे होती. तिथून शिरणारी हवा हजेरीपटावर येतच नव्हती आणि संगणक बिचारा पटावरच्या हजेरीप्रमाणेच वाटप करत होता. वर ही हवा गाळलेलीही नव्हती.

पहिल्या दिवशी मी झटपट चिकटणारा गोंद लावला. त्याने माझा अंगठा तर्जनीला जोडला, नळीला मात्र काहीही केले नाही. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी गुंडाळली. इंजिन तापताच तिचा डिंक पाघळला आणि ती केळ्याच्या सालीसारखी लोंबू लागली. मग दोन ट्यूबांचे इपॉक्सी कालवून थापले, रात्रभर वाळू दिले आणि सकाळी नखाने टोकरले, तर सगळा थर जखमेची खपली निघावी तसा अखंड हातात आला. त्या वैतागात नळी उलटी केली, तेव्हा पोटाशी उठावाची दोन अक्षरे दिसली : पीपी. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या अंगाला सहसा कोणताच गोंद धरत नाही. तीन दिवस मी तव्यावर तिकीट चिकटवत होतो.

हे प्लास्टिक सुमारे 160 अंशांना वितळते, त्यामुळे ते वितळवूनच सांधावे लागते, आणि भर घालायलाही त्याच जातीचे प्लास्टिक लागते. त्याचा शोध मी स्वयंपाकघरात घेतला. डबे उलटे करून त्रिकोणातला 5 हा आकडा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची खूण, पाहत गेलो आणि एका निळ्या झाकणाची निवड केली. निवड गुप्त मतदानाने झाली. मतदार मी एकटाच होतो.

चीर पुढे पळू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली, कडा तासून खाच केली, खिडकी उघडली आणि सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने झाकणाची पट्टी त्या खाचेत पाझरवत गेलो. काळ्या कडा आधी चकाकल्या, मग मऊ झाल्या आणि निळ्याला आपल्यात ओढून घेऊ लागल्या. त्यानंतर आतला कीस कापडाने तीनदा पुसला, कारण तिथून पुढे इंजिनापर्यंत त्याला अडवणारे काहीच नव्हते. तयार झालेल्या नळीवर निळा सुरवंट चढल्यासारखे दिसत होते. पण खपली निघेना, म्हणून मी त्याला सुंदर म्हणालो.

नळी बसवून लांबवर चक्कर मारली. सिग्नलला इंजिन शांत होते, शिट्टी गायब होती. विजयी मुद्रेने परतलो, तर दार बंद. बेल वाजवली, थांबलो, पुन्हा वाजवली. अखेर पत्नीने दार उघडले आणि माझ्या मागे रस्त्याकडे पाहत काळजीने विचारले, "गाडी कुठे राहिली? आणि त्या निळ्या डब्याचे झाकण कुठे आहे?"

दोन्ही एकाच ठिकाणी आहेत, हे कोणत्या शब्दांत सांगावे याचा विचार करत मी उंबऱ्यावरच उभा राहिलो.