इमारत की गोळ्या?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मानसिक आजाराचा विषय निघाला की दोन तट पडतात. अमळनेरचे मामा म्हणतात, खान्देशाला स्वतःचं मनोरुग्णालय हवं. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत काही नाही. शिक्षिका असलेली मामेबहीण म्हणते, आधी लोकांना शहाणं करा, नाहीतर ते भगताकडेच जाणार. मी मेलबर्नला असतो, म्हणून मग मला विचारतात, तिकडे कसं?

इकडे जागृती भरपूर. मानसिक प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम 2000 साली याच देशात सुरू झाला. सप्टेंबरात ‘बरा आहेस ना?’ असं एकमेकांना विचारायचा खास दिवस असतो, ऑफिसात त्या दिवशी केकही असतो. पण ‘नाही, बरा नाही’ म्हणणाऱ्याचं पुढे काय? फॅमिली डॉक्टरकडून उपचार-योजना लिहून घ्यायची, वर्षाला दहा सत्रांच्या खर्चाचा काही भाग सरकार देणार, उरलेला बहुतेक वेळा खिशातून. तज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत कधीकधी महिने जातात. एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते: पहिलं दार नेहमीच्याच डॉक्टरचं. बाकावर खोकलेवाला आणि झोप उडालेला शेजारी बसतात, कोण कशासाठी आलंय ते कुणाला कळत नाही.

त्यामुळे मामेबहिणीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. “त्याले बाहेरनं शे” (त्याला बाहेरची बाधा आहे) म्हणणारी आई एसटीनं पार बुलढाण्याच्या सैलानी दर्ग्याला जाते, उसनवारी करते, पोराच्या उशाशी रात्र काढते. इलाज हवा हे तिला कुणी शिकवायला नको. तिथे तिला परत पाठवत नाहीत, एवढंच. भगत तर गावातच, उधारीवर, आणि पोराला चारचौघांत ‘वेडा’ म्हणत नाही. (सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारतात, तिथे मात्र पोस्टर पुरत नाही, पोलीस आणि 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाच हवा.)

आणि मामांची इमारत? ती झालीच तर जळगावला होणार. सातपुड्यातल्या मोलगीच्या माणसाला जळगाव काय नि ठाणे काय! धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आवश्यक औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळण्याचा हक्क दिलाय. तो हक्क साक्री, यावल, धडगावच्या ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर तपासायला हवा. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या मध्येच तुटल्या की आजार उलटू शकतो, आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही. महिनाभर साठा नसला की वर्षभराची जनजागृती पाण्यात.

शेतकरी आत्महत्या रोखायला 2015 साली ‘प्रेरणा’ प्रकल्प आला, आशाताईंनी घरोघरी विचारपूस करायची अशी त्याची रचना. जिल्हे 14, सगळे विदर्भ-मराठवाड्यातले. आपल्याकडची कपाशी काय वेगळ्या पावसावर वाढते?

माझं मागणं लहान आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी तालुक्याला मानसोपचाराची ओपीडी, त्याच खिडकीवर महिन्याच्या गोळ्या, आणि त्या भागात भिली-पावरी बोलणारं कुणीतरी शेजारी बसलेलं.

हे ग्रुपवर लिहिलं तर मामांचं उत्तर आलं: “भाचेबुवा, गोळ्यांच्या पाकिटावर आमदाराचं नाव लागत नाही, कोनशिलेवर लागतं.” खरं आहे. मग निदान औषधसाठ्याचा फलक रुग्णालयाच्या दारावर लावा आणि त्याखाली घाला त्यांचं नाव, माझी हरकत नाही.