वॉल्टरची बहीण

'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' वाचलेले खूप जण भेटतात. त्याच मालिकेतलं 'रिला ऑफ इंगलसाइड' वाचलेलं मात्र क्वचितच कुणी भेटतं, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. लूसी मॉड माँटगोमरीची ही कादंबरी १९२१ ची. पहिलं महायुद्ध इथे दिसतं ते कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या एका घरातून. (शेवट सांगणार आहे, वाचायची असेल तर इथेच थांबा.)

रिला ही ॲनची धाकटी लेक. दीपगृहातल्या नाचाच्या रात्री युद्धाची बातमी येते, तेव्हा तिला पंधरावं सरायला आलेलं. थोरला जेम लगेच भरती होतो. पण माझा जीव अडकतो तो वॉल्टरमध्ये. हा कविता करणारा, टायफॉइडमधून उठलेला भाऊ. त्याला मरणापेक्षा मरणाआधीच्या यातनांची धास्ती आहे, आणि आपल्या संगिनीनं कुणाचातरी नवरा मारला जाईल याचीही. कॉलेजात कुणीतरी त्याला निनावी पाकिटातून पांढरं पीस पाठवतं. भेकड म्हणून! हे सगळं तो रिलापाशी बोलतो. मे १९१५ मध्ये 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज जर्मनांनी बुडवल्यावर तोही जातो, आणि सप्टेंबर १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर, कूर्सलेत गावी मारला जातो.

मुलगा गेला की सगळे आईला सावरायला धावतात, आणि ते बरोबरच आहे. ॲन कित्येक आठवडे अंथरुणाला खिळते. मग घर कुणी बघायचं? रिलानं. भाऊ गेलेल्या बहिणीला रडायलाही सवड मिळत नाही, हे माँटगोमरीला नेमकं कळलं होतं. तिची स्वतःची जिवलग मावसबहीण फ्रेडरिका जानेवारी १९१९ मध्ये गेली होती. पुस्तक तिलाच अर्पण केलंय.

वॉल्टरनं आदल्या रात्री लिहिलेलं पत्र रिलाला तो गेल्यावर मिळतं. गावातल्या पाद्र्याच्या लेकीचं, ऊना मेरेडिथचं, त्याच्यावर अबोल प्रेम होतं, हे ओळखून रिला ते पत्र तिला देऊन टाकते. लोक रिलाच्या केनेथशी जुळलेल्या प्रेमाबद्दल बोलतात, पण माझ्या मते रिला मोठी होते ती या क्षणी. आपल्याकडे असलेली भावाची शेवटची वस्तू ती दुसऱ्या मुलीच्या हक्काची मानते.

कादंबरीतली पवित्र बलिदानाची भाषा मला आजही जड जाते. माँटगोमरीचीही पुढे त्यावरची श्रद्धा डळमळली असावी. ॲनच्या कुटुंबावरच्या तिच्या शेवटच्या पुस्तकाचं, 'द ब्लाइथ्स आर कोटेड'चं, हस्तलिखित २४ एप्रिल १९४२ ला, ती गेली त्याच दिवशी, प्रकाशकाकडे पोचलं. ते संपूर्ण छापलं गेलं थेट २००९ मध्ये. त्यात ॲन जेमला म्हणते, वॉल्टर परत आला नाही हेच बरं झालं, त्या आठवणी घेऊन तो जगू शकला नसता. वॉल्टरची भीती ऐकलेल्या रिलाला हे आईच्या कितीतरी आधी उमगलं असणार. त्या संभाषणात जेमच्या जागी ती हवी होती.